मुलगी चारचौघांत गप्प होते? आधी एवढंच करा

ताई, घाबरू नका आणि स्वतःला दोषही देऊ नका. काही मुलं मुळातच बुजरी असतात. घरातल्या वागण्याने ती भीती वाढते किंवा ओसरते. तेवढं आपल्या हातात आहे, आणि ते पुष्कळ आहे.

पहिलं म्हणजे तिच्या वतीने उत्तर देणं थांबवा. पाहुण्यांनी “कितवीत आहेस?” विचारलं की आपणच “चौथीत, जरा लाजाळू आहे हो” म्हणून मोकळे होतो. तिची तेवढ्यापुरती सुटका होते, पण पुढच्या वेळची भीती वाढते. मनात पाचपर्यंत मोजा. तिने नुसती बोटं दाखवली तरी चालेल.

“काकांना कविता म्हणून दाखव” ही सक्तीही नको. भाजीवालीकडे कोथिंबीर मागणं, एवढ्यापासून सुरुवात करा.

“लोक काय म्हणतील” हे घरात किती वेळा निघतं, तेही बघा. मुलं ते बरोबर टिपतात.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांच्या गटाने अति चिंता-भीतीचा त्रास असलेल्या १२४ मुलांचा अभ्यास केला. २०२० मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत फक्त पालकांना दिलेलं मार्गदर्शन मुलांवरच्या थेट उपचारांइतकंच उपयोगी ठरलं.

शाळेत जायलाच नकार किंवा झोप-जेवण बिघडलं, तर मात्र थांबू नका, बालमानसतज्ज्ञांना भेटा.