रेशमी स्लिप ड्रेसवर पैठणीची ओढणी शोभेल का?

घोट्यापर्यंतचा विटकरी रेशमी स्लिप ड्रेस, त्यावर आईची पैठणीची ओढणी आणि दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडपासून तलावपाळीपर्यंत फेरफटका, हा तुमचा बेत मला आवडला. मात्र घरचे त्याला ‘रात्रीचा गाऊन’ म्हणतील ही तुमची भीतीही अनाठायी नाही. मी नौपाड्यात बरीच वर्षे कपडे शिवते आणि ही जोडणी स्वतः करून पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

स्लिप हे मुळात पाश्चात्त्य पोशाखातले आतले वस्त्र, आपल्याकडे साडीखाली परकर असतो तसे. बाहेर मिरवण्याचा पोशाख म्हणून ते १९९०च्या दशकात रुळले. त्यामुळे ते गाऊनसारखे दिसते ते रेशमामुळे नव्हे, तर वर काहीच नसल्यामुळे. शिवाय हा ड्रेस बहुधा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला असतो. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात गाजवलेल्या या कापामुळे कापड अंगावरून ओघळते, पण त्याला ताठपणा राहत नाही, आणि तो ताठपणा वरच्या वस्त्राने पुरवावा लागतो. यासाठी मला ओढणीपेक्षा खणाचे बिनबाह्यांचे, पुढून उघडे आणि कमरेपर्यंतचेच जाकीट अधिक पसंत आहे. खणाचे काठ पुढच्या दोन्ही कडांना उभे घ्यावेत, म्हणजे मधल्या मोकळ्या रेशमाला चौकट मिळते. विटकरीवर गडद हिरवा किंवा जांभळा खण खुलेल, लाल मात्र टाळा. खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा कापड किती लागेल हे शिंप्याला विचारूनच घ्या.

पैठणी घ्यायचीच असेल तर ती ड्रेसला टाचू नका. मी एकदा ओढणी स्लिपच्या बंदालाच पिनेने अडकवली होती. तासाभरात जरीच्या वजनाने बंद खांद्यावरून घसरला, गळा एका बाजूला ओढला गेला आणि पिनेपाशी धागा खेचला जाऊन करंगळीएवढी चुणी पडली, ती इस्त्रीनेही गेली नाही. जाकिटाच्या खांद्यावर, आतून कापडाचा तुकडा ठेवून टाचल्यास सगळे वजन जाकीट पेलते. अशा वेळी जाकीट बिनकाठाचे, साध्या सुती कापडाचे असलेले बरे, कारण खणाचे काठ आणि पैठणीचे काठ एकमेकांशी भांडतात.

गळ्याशी ड्रेसला सैल झोळ असेल तर मानेलगतची ठुशी शोभते. लांब माळ त्या झोळात हरवते. खरखरीत कडांचे तोडे मात्र घालू नका, ते रेशमात अडकतात. अत्तर कपडे घालण्यापूर्वीच लावून वाळू द्या, कारण रेशमावर साध्या पाण्याचाही डाग उमटतो, आणि ऑक्टोबरमधला ठाण्याचा घाम लक्षात घेता काखेत घामपट्ट्या लावलेले जाकीट शिवून घ्यावे. लेबलही एकदा वाचा: नुसते ‘सॅटिन’ लिहिले असेल तर ते विणीचे नाव आहे, धाग्याचे नव्हे, आणि कापड पॉलिएस्टरचे असू शकते. तसे असले तरी जोडणी हीच ठेवा, फक्त उकडण्याची तयारी ठेवा.

कोल्हापुरी चपलांवर ड्रेस जमिनीला लागत असल्यास तो आधी एक रात्र हँगरला टांगा, मग त्याच चपला घालून लांबी मोजून घ्या; उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि घाईने दुमडलेली कड नंतर वरखाली दिसते.