गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ड्रॉ आणि फेड हे फटके कसे शिकावेत?

चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबचा (गोल्फच्या काठीचा) चेंडूला लागणारा पृष्ठभाग, कुठे रोखलेला आहे यावर ठरते, आणि तो हवेत किती वळणार हे क्लबफेस व स्विंगचा मार्ग (फटका मारताना क्लब ज्या दिशेने जातो ती) यांच्यातील कोनावर अवलंबून असते. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याला ड्रॉ, म्हणजे उजवीकडून डावीकडे वळणारा फटका, हवा असेल तर स्विंगचा मार्ग लक्ष्याच्या उजवीकडे आणि क्लबफेस लक्ष्य व तो मार्ग यांच्या मधोमध असावा लागतो. क्लबफेस थेट लक्ष्यावर रोखून केवळ पाय उजवीकडे वळवण्याचा जुना सल्ला मला चुकीचा वाटतो, कारण तसा चेंडू लक्ष्याच्या दिशेनेच निघून पुढे डावीकडे भरकटतो. फेडसाठी, म्हणजे डावीकडून उजवीकडे वळणाऱ्या फटक्यासाठी, हेच उलट करावे.

सरावाला ७ नंबरचे आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) घ्यावे. वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या अधिक लॉफ्टमुळे (क्लबफेसच्या मागे झुकलेल्या कोनामुळे) चेंडू फारसा वळत नाही, तर ड्रायव्हर या लांब फटक्यांच्या क्लबवर लहानशी चूकही मोठी होते. लक्ष्याच्या रेषेवर काही पावले पुढे एक काठी उभी रोवावी आणि प्रत्येक ड्रॉ तिच्या उजवीकडून निघून लक्ष्याकडे परत येतो का, हे पाहावे. निघण्याची दिशा चुकली तर आधी क्लबफेस तपासावा, दिशा बरोबर असून वळण चुकले तर स्विंगचा मार्ग. मात्र ड्रायव्हरचा फटका क्लबफेसच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला) बसला तर गियर इफेक्टमुळे, म्हणजे मध्य चुकल्याने चेंडूला मिळणाऱ्या वेगळ्या फिरकीमुळे, वळण बदलते, म्हणून क्लबफेसवर पावडर लावून आघाताची जागा पाहिल्याशिवाय स्विंगमध्ये बदल करू नये.