‘कोणी विचारत नाही’ त्या व्यवसाय कराबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, तीन माणसं पगारावर आहेत, उलाढाल कमी असल्यामुळे जीएसटी नोंदणी नाही. महाराष्ट्रात आणखी कोणते स्थानिक कर लागतात, मदत कुठे मिळते, आणि व्यवसाय कर भरायलाच हवा का? कारण ‘कोणी विचारत नाही’ असं सगळे सांगतात.

त्या शेवटच्या तीन शब्दांमुळे लिहायला बसलो. करसल्ल्याचं काम करणाऱ्याला हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं आणि त्याची किंमत मोजणारा माणूस वर्षातून दहादा समोर येऊन बसतो.

व्यवसाय कर भरायचाच. कायदा १९७५ चा आहे, राज्याचा आहे, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला आणलेला. राज्यघटनेच्या कलम २७६ मुळे एका माणसावर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त बोजा टाकता येत नाही. ‘अडीच हजारांसाठी कोण येणार दारात’ हा हिशेब इथूनच निघतो. पण नोंदणीच केली नसेल तर मागच्या चार वर्षांचा कर काढता येतो. चालू वर्ष धरून पाच, म्हणजे साडेबारा हजार नुसता कर. वर नोंदणी न केल्याचा दंड, स्वतःच्या नोंदणीसाठी दिवसाला २ रुपये आणि माणसं ठेवणारा मालक म्हणून दिवसाला ५ रुपये. दोन रुपये ऐकून हसू येतं, पण चार वर्षांचे दिवस मोजा. उद्या जीएसटी नोंदणी घ्याल तेव्हा दोन्ही नोंदी एकाच विभागाकडे, एकाच पॅनवर असतात. विचारायला कोणी दारात यावं लागत नाही.

आता तुमच्यासारख्या दुकानदाराला दोन वेगळे नंबर लागतात आणि ९० टक्के गोंधळ इथेच आहे. पीटीईसी म्हणजे तुम्ही स्वतः धंदा करता म्हणून तुमचा स्वतःचा कर. वर्षाला २,५००, ३० जूनपर्यंत भरायचा, विवरणपत्र नाही. ३१ मेनंतर नोंदणी झाली तर पहिल्या वर्षी नोंदणीपासून एक महिन्याच्या आत. पीटीआरसी म्हणजे तुमच्या माणसांच्या पगारातून कापून भरायचा कर. तो तुमचा नाही, पण कापला नाहीत तरी भरायची जबाबदारी तुमचीच. ‘पोरांच्या पगारातून कसं कापू’ असं म्हणणारे शेवटी खिशातून भरतात.

पीटीआरसीचा नंबर २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, दोन्हींच्या शेवटी पी. हे पाठ करा. ऑनलाइन चलन भरताना ९९ चा कर २७ च्या नंबरवर गेला की पैसे शासनाकडे जमा, पण तुमच्या नावावर थकबाकी तशीच. तीच गत वर्षाची: जूनमध्ये भरताना मागचं आर्थिक वर्ष निवडलं की चालू वर्ष कोरं राहतं. पैसे भरायच्या आधी चलनावर नंबर, वर्ष आणि रक्कम कोणत्या रकान्यात गेली हे तीनदा बघा. विलंब शुल्क कराच्या रकान्यात टाकलं तर ते विलंब शुल्क म्हणून धरलं जात नाही.

कपातीचे दर: पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, त्यापुढे महिना २०० आणि फेब्रुवारीचे ३००. (अकरा गुणिले दोनशे अधिक तीनशे, म्हणजे बरोबर अडीच हजार.) स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काही नाही.

आता एक फाइल दाखवतो, कारण तुमचीही तीनच माणसं आहेत. स्टेशनरीचं दुकान. १ जून २०२४ पासून तिघं कामाला: एकजण १४,००० वर, एक मदतनीस ९,००० वर, आणि काउंटरवर एक ताई १८,००० वर. कपात अनुक्रमे २००, १७५ आणि शून्य. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पीटीआरसी मिळाली. सल्लागाराने सांगितलं, ‘वर्षाचा कर लाखाच्या आत आहे, वर्षाला एकच विवरणपत्र, ३१ मार्चला.’ मालकाने दर महिन्याला ३७५ रुपये (फेब्रुवारीत ४७५) कापून डब्यात टाकले. अगदी प्रामाणिकपणे. मार्चअखेर सगळे मिळून भरायचे म्हणून. ३० मार्चला पाडवा, गिऱ्हाईक होतं, म्हणून ३१ ला बसले.

नियम असा आहे की लाखाच्या आतल्याला वर्षाचं एकच विवरणपत्र चालतं, पण नोंदणीच्या पहिल्या वर्षी नाही. पहिलं आर्थिक वर्ष संपेपर्यंत दर महिन्याला द्यावं लागतं, त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत, आणि त्यात आधीच्या महिन्याचा पगार दाखवायचा. जुलैच्या विवरणपत्रात जूनचा पगार, मार्चच्या विवरणपत्रात फेब्रुवारीचा. म्हणजे जुलै ते मार्च अशी नऊ विवरणपत्रं. त्यातलं फक्त मार्चचं वेळेत होतं.

उशिराचं शुल्क प्रत्येक विवरणपत्राला १,००० रुपये. मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत दिलं तर २००. जुलै ते जानेवारी सात विवरणपत्रांचे सात हजार झालेच. फेब्रुवारीच्या विवरणपत्राची मुदत २८ फेब्रुवारी. तिथून तिसावा दिवस ३० मार्च. पाडवा. हे ३१ ला बसले, म्हणजे दोनशेच्या जागी हजार. एकूण आठ हजार शुल्क. आणि या सगळ्यामागचा मूळ कर किती? पहिल्याचा १,९००, मदतनीसाचा १,५७५, ताईंचा शून्य: ३,४७५. व्याज तीनशेच्या आतलं, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. विलंब शुल्क भरल्याशिवाय प्रणाली विवरणपत्र घेत नाही, त्यामुळे ‘आधी दाखल करतो, मग बघू’ हा रस्ताही बंद.

त्या दुकानात सूचनांचे संदेश का पोचले नाहीत? कारण नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल सल्लागाराचा होता. पासवर्डही त्याच्याकडेच. मालकाला स्वतःचा २७ चा नंबर विचारला तर प्रमाणपत्राची झेरॉक्स शोधावी लागली.

यावरून आमच्या व्यवसायात जुना वाद आहे आणि माझी बाजू मी लपवत नाही. समोरचे म्हणतात, दुकानदार ओटीपी वेळेवर देत नाही, ईमेल उघडत नाही, तारीख आमच्याच डोक्यावर बसते, मग आमचाच नंबर बरा. सोय आहे, कबूल. पण नोटीस दुकानाच्या नावाने निघते, दंड दुकानाच्या खात्यातून जातो, आणि सल्लागार बदलायची वेळ आली की पासवर्डसाठी आधीच्याच माणसाची मनधरणी करावी लागते. ओटीपीसाठी फोन करायचा कंटाळा येत असेल तर सल्लागाराने फी वाढवावी, गिऱ्हाईकाची ओळख स्वतःच्या खिशात ठेवू नये. एक नवा ईमेल फक्त करांसाठी उघडा, मोबाइल स्वतःचा द्या, आणि सल्लागाराला लागेल तेव्हा ओटीपी सांगा. आधीच दुसऱ्याचा नंबर गेला असेल तर महाजीएसटी या राज्याच्या कर विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीतल्या बदलासाठी अर्ज करून तो बदलून घ्या. हे काम पहिल्या आठवड्यात करा, मार्चमध्ये नाही.

नोंदणीही तिथेच, पॅनवर होते. पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा, दुकानाचा पुरावा (वीजबिल आणि भाड्याचं असेल तर करारनामा), फोटो, बँकेचा रद्द केलेला धनादेश, आणि पीटीआरसीसाठी माणसं केव्हापासून, किती पगारावर. फाटे फुटतात ते धंदा सुरू झाल्याच्या तारखेवर. लोक थकबाकी टाळायला आजची तारीख टाकतात आणि गुमास्त्यावर (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यमवर (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) दोन वर्षांपूर्वीची असते. खरी तारीख टाका, मागचं भरा आणि मोकळे व्हा. ‘अभय योजना (थकबाकीत सूट देणारी) येईल तेव्हा बघू’ म्हणणारेही खूप. २०१६ मध्ये नोंदणी नसलेल्यांसाठी आली होती हे खरं, पण पुढची कधी येईल यावर दुकान चालवत नाहीत.

धंदा प्रायव्हेट लिमिटेड करायचा विचार असेल तर आणखी एक खड्डा. महाराष्ट्रात कंपनी स्थापन करताना व्यवसाय कराचे नंबर त्याच अर्जातून मिळतात. माणूस एकही ठेवलेला नसतो, मालकाला २७ चा नंबर आलाय हेच माहीत नसतं, आणि पुढे माणूस ठेवला की विवरणपत्रं राहून जातात.  शिवाय कंपनीचा स्वतःचा २,५०० आणि प्रत्येक संचालकाचा वेगळा. भागीदारीत फर्मला नाही, पण प्रत्येक भागीदाराला.

बाकीचं पटकन. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) दोन्ही संपले, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा उरलंसुरलंही गेलं. जुनी एलबीटीची फाइल मात्र टाकू नका. महापालिकेचा मालमत्ता कर गाळामालकाच्या नावावर असतो, पण तो कोण भरणार हे करारनाम्यात लिहून घ्या, नाहीतर थकला की सील तुमच्या शटरला लागतं. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. घरातल्या खोलीत दुकान काढलंत तर ती जागा बिगरनिवासी दराने आकारली जाऊ शकते. दुकानावरच्या पाटीची परवानगी आणि शुल्क वॉर्ड ऑफिसात विचारा. गुमास्ता हा कर नाही, पण बँक तोच आधी मागते. माणसं पाच झाली की कामगार कल्याण निधी सुरू होतो, जून आणि डिसेंबरमध्ये.

मदतीबद्दल: उद्यम नोंदणी मोफत आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होते. त्यासाठी हजार-पंधराशे घेणाऱ्या संकेतस्थळांना एक रुपया देऊ नका. मात्र उद्यम म्हणजे करमाफी नव्हे. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या कर्ज-अनुदानाच्या योजनांची माहिती मिळते, कराची नाही, त्यामुळे तिथे व्यवसाय कर विचारून वेळ घालवू नका. करासाठी राज्याच्या जीएसटी भवनात व्यवसाय कराचा कक्ष असतो: मुंबईत माझगाव, पुण्यात येरवडा. जाताना नंबर, चलनाची प्रत आणि अडचण दिसते त्या पानाचा प्रिंट न्या. तोंडी सांगून काही होत नाही. चुकीच्या नंबरवर गेलेल्या चलनासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: वय ६५ च्या पुढे असेल, किंवा कायमचं अपंगत्व असेल, किंवा मूल मतिमंद असून तुम्ही पालक असाल, तर तुमचा स्वतःचा व्यवसाय कर माफ आहे. दाखला जवळ ठेवा. म्हणून कितीतरी दुकानं वडिलांच्या नावावर असतात. पण वडिलांना माफी मिळाली म्हणून माणसांच्या पगारातली कपात माफ होत नाही. त्यांच्या नावाने २७ चा नंबर घ्यावाच लागतो, आणि तिथे पहिल्या वर्षी दर महिन्याला विवरणपत्र.