एडिसनमधला कायोटी: आईंचं बरोबर आहे

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळी सहाला तुमच्या टाउनहाउसमागच्या झाडीतून एक जनावर गेलं. नवरा म्हणाला लांडगा, पुण्याहून आलेल्या आई म्हणाल्या कोल्हा, आणि शेजारी म्हणाले, हा कायोटी (अमेरिकेतलं कुत्र्याच्या कुळातलं रानटी जनावर), मूळचा इथला नाहीच, फोन करून उचलायला लावा.

सगळ्यात जवळ आई पोचल्या. आपण इथे सर्रास फॉक्सला कोल्हा म्हणतो, पण फॉक्स म्हणजे आपलं खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल, आणि तो कायोटीचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ नक्की. वाशीच्या खाडीकाठी खारफुटीत कोल्हे राहतात, तसेच हे इथे हायवेच्या कडेला. तुम्ही पाहिलेल्याच्या शेपटीचं टोक काळं होतं आणि पळताना ती खाली होती, म्हणजे कायोटीच. लाल फॉक्सच्या शेपटीचं टोक पांढरं असतं.

नवऱ्यालाही अगदी हसू नका. कायोटी मूळचा पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतला आणि वाळवंटांतला. पूर्वेकडचे लांडगे माणसांनी मारून संपवले, जंगलं तोडून शेतं केली, तेव्हा हा सरकत सरकत आला. ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या बाजूने, कॅनडातून येताना उरल्यासुरल्या लांडग्यांशी त्याच्या जोड्या जमल्या, थोडं कुत्र्याचं रक्तही मिसळलं. म्हणून इथला कायोटी ॲरिझोनातल्यापेक्षा थोराड दिसतो. न्यू जर्सीत पहिली नोंद १९३९ची, लॅम्बर्टव्हिलजवळची. आता एकवीसच्या एकवीस काउंट्यांत आहेत. १९८०च्या दशकात तर समुद्रावरच्या बर्फावरून चालत कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोचले! दक्षिणेकडच्या काही राज्यांत मात्र शिकारीच्या हौसेपायी माणसांनीच आणून सोडले होते.

तेव्हा शेजाऱ्यांचं 'इथला नाही' हे माझ्या मते अर्धंच खरं. नॉर्थ कॅरोलायनात कुणी असं म्हटलं तर मी ऐकून घेईन. तिथे मूठभर लाल लांडगे शिल्लक आहेत, आणि कायोटींशी संकर होऊन त्यांचं वेगळेपणच पुसलं जायची भीती आहे. एडिसनमध्ये तसा लांडगाच उरलेला नाही.

आणि उचलून नेणार कुठे? एका जोडीचा इलाका रिकामा झाला की शरद ऋतूत घर सोडून निघालेली तरुण पोरं तो धरतात. देशभरात सरकारी खर्चाने दरवर्षी हजारोंनी मारले जातात, तरी हे पसरतच गेले, खाली पनामापर्यंत.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी हौसेने मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी दाणे टांगले. चिमण्यांनी अर्धे खाली सांडले, त्यावर उंदीर आले, ससे आले. जानेवारीत बर्फ पडलं आणि सकाळी डेकपासून कुंपणापर्यंत पावलांची एक सरळ रेघ दिसली, दोरी लावून आखल्यासारखी. कुत्रा बर्फात नागमोडी हुंदडतो, हा कामावर निघाल्यासारखा चालतो. मी दाणे काढले, खालचा सडा झाडून घेतला. महिनाभरात रेघ बंद झाली. म्हणून आधी तुमच्या रांगेत बाहेर मांजराचं खाणं, उघडा कचरा किंवा झाडाखाली पडलेली फळं कुठे आहेत ते बघा. बहुतेक तिथेच उत्तर सापडेल.

माणसांच्या जिवाचं म्हणाल, तर अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदी दोनच: १९८१ साली कॅलिफोर्नियात आणि २००९ साली कॅनडातल्या केप ब्रेटनमध्ये. छोट्या कुत्र्यांना आणि मांजरांना मात्र खरा धोका आहे. मांजर घरातच ठेवा, कुत्र्याला आखूड पट्ट्यावर न्या. एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात. तेव्हा तो थोडं अंतर ठेवून मागे मागे येतो, बिळापासून तुम्हाला लांब पोचवायला. पळू नका, पाठ न फिरवता हळूहळू निघून जा.

एरवी दिसला तर हात वर करून ओरडायचं, डबा वाजवायचा. तरीही हलला नाही किंवा जवळच येऊ लागला, तर मात्र पोलिसांना किंवा राज्याच्या वन्यजीव विभागाला जरूर कळवा. नुसता दिसला म्हणून नको.

आईंची सकाळची फेरी बंद करू नका. हाड् म्हटलेलं त्याला कळतं, मी दोनदा करून पाहिलंय.