विषय सोडून झालेल्या गप्पा

या महिन्याच्या टपालातील तीन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा ती मोकळ्या गप्पांचे मोल काय, या एकाच प्रश्नाभोवती फिरत असल्याचे जाणवले. म्हणून इतर पत्रे पुढच्या अंकासाठी राखून या वेळचे सदर त्या तिघांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात दर दुसऱ्या शनिवारी विज्ञान मंडळाची बैठक भरते. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातील मुले, दोन डॉक्टर, मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आणि काही द्राक्षबागायतदार असे पंचवीस-तीस जण नियमित येतात. तासाभराच्या व्याख्यानानंतर चहा होतो आणि चहानंतर गप्पा सुरू होतात, त्या व्याख्यानापेक्षाही लांबतात. पाऊस, बेदाण्याचे भाव, क्रिकेट, कुणाच्या घरचे लग्न असे सगळे त्यात येते. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना हा वेळेचा अपव्यय वाटतो आणि मंडळाच्या नियमांत ‘विषय सोडून बोलू नये’ असे कलम घालावे, असा त्यांचा आग्रह आहे. आपले मत कळवावे. (कार्यवाह, सांगली जिल्हा)

उत्तर : कलम घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ सभासदांच्या तक्रारीत जो खरा भाग आहे त्याकडे शेवटी येईन. आधी मत असे का बनले, ते सांगतो.

आज युक्रेनमध्ये असलेले ल्विव्ह हे शहर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये होते आणि त्याचे नाव ल्वूव असे होते. तेथील विद्यापीठाजवळच्या ‘स्कॉटिश कॅफे’ नावाच्या उपाहारगृहात स्तेफान बानाख, स्तानिस्लाव माझुर, स्तानिस्लाव उलाम हे गणिती आणि त्यांचे सहकारी तासन्‌तास बसत. कॉफी, ब्रँडी, शहरातल्या बातम्या, थट्टामस्करी हे सगळे चालू असतानाच मध्येच कुणीतरी पेन्सिल काढून टेबलाच्या संगमरवरी पृष्ठभागावर एखादे समीकरण लिहीत असे. एकदा अशी बैठक सतरा तास चालल्याची आठवण उलाम यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. अडचण एवढीच होती की रात्री टेबल पुसले की दिवसभरातले गणितही पुसले जाई. तेव्हा १९३५ मध्ये बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही विकत आणून दिली. ती उपाहारगृहातच ठेवलेली असे आणि मागितली की टेबलावर येत असे. पहिला प्रश्न बानाख यांनी १७ जुलै १९३५ रोजी लिहिला. ३१ मे १९४१ रोजी ह्यूगो स्टाइनहाउस यांनी काड्यापेटीतील काड्यांविषयीचा प्रश्न लिहिला आणि तेथे वही थांबली. पुढच्याच महिन्यात जर्मन फौजा शहरात आल्या आणि त्या मंडळींपैकी अनेक जण त्यानंतरच्या काळात मारले गेले. वही मात्र बचावली.

त्या वहीतील प्रश्नांना बक्षिसे लावलेली असत. कुणी वाइनची बाटली लावली, तर माझुर यांनी ६ नोव्हेंबर १९३६ रोजी लिहिलेल्या १५३ क्रमांकाच्या प्रश्नाला जिवंत हंस लावला. तो प्रश्न १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने सोडवला आणि माझुर यांनी वॉर्सामध्ये, छत्तीस वर्षांपूर्वीचा शब्द पाळून, पांढरा हंस टोपलीत घालून त्याच्या हाती दिला. बानाख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमूर्त गणिती अवकाशांविषयीचा हा निर्णायक निकाल आज पदव्युत्तर गणिताच्या अभ्यासात गंभीरपणे शिकवला जातो. पण त्या प्रश्नाचा जन्म उपाहारगृहातला आहे.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतला आहे आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. १९७२ च्या वसंतात ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणिती तेथे आला होता. मूळ संख्यांच्या विखुरणीशी जोडलेल्या रीमान झीटा फलनाची शून्ये एकमेकांपासून कशा अंतराने विखुरलेली असतात, याविषयी त्याला एक सूत्र हाती लागले होते. दुपारच्या चहाला संस्थेचे सगळे लोक एका दालनात जमत. तेथे सर्वदमन चौला हे भारतीय गणितज्ञ त्याच्याशी बोलत उभे असताना समोरून भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन दिसले. त्यांच्याशी ओळख आहे का, असे चौला यांनी विचारले. माँटगोमेरी नाही म्हणाला आणि एवढ्या मोठ्या माणसाला उगाच त्रास नको म्हणून संकोचही करू लागला. पण चौला यांनी ऐकले नाही आणि त्याला डायसन यांच्यापुढे नेऊन उभे केले. सध्या काय चालले आहे, असे डायसन यांनी शिष्टाचारापुरते विचारले. त्याने सूत्र सांगताच डायसन थबकले, कारण युरेनियमसारख्या जड अणूंच्या केंद्रकांतील ऊर्जापातळ्यांचे अंतर ज्या यादृच्छिक सारण्यांनी (मॅट्रिक्सनी) वर्णन करतात, त्यांचे सूत्र नेमके तेच होते. मूळ संख्यांचे शास्त्र आणि अणुकेंद्रकाचे शास्त्र यांच्यातील हा दुवा चहाच्या पेल्यापाशी जुळला आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

अशा गोष्टी आणखी आहेत. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस अलामोस येथे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आपल्या तीन सहकाऱ्यांसह जेवायला निघाले होते. वाटेत उडत्या तबकड्या आणि न्यूयॉर्कमधून नाहीशा होणाऱ्या कचरापेट्या यांची सांगड घालणाऱ्या एका व्यंगचित्राविषयी बोलणे झाले, मग विषय बदलला, आणि जेवताना मध्येच फर्मी यांनी विचारले की मग सगळे आहेत कुठे? विश्वातील इतर जीवसृष्टीविषयीची चर्चा आजही त्या प्रश्नापासून सुरू होते. विश्वारंभाच्या वेळच्या प्रारणाचा अर्थही असाच उमगला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आर्नो पेन्झियास यांच्या अँटेनात सर्व दिशांनी येणारी खरखर काही केल्या जात नव्हती. भलत्याच कामासाठी केलेल्या दूरध्वनीवर त्यांनी ती सहज बोलून दाखवली, तेव्हा पलीकडच्या बर्नार्ड बर्क या खगोलशास्त्रज्ञांना अशा प्रारणाविषयीची प्रिन्स्टनमधील गणिते आठवली. फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर ज्या स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताच्या, बाजूने उभे होते, त्या सिद्धान्ताला मोठा हादरा देणारा पुरावा हाच.

ही मोठी नावे पाहून आपल्या मंडळाचा त्यांच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. म्हणून स्वतःचा एक अनुभव सांगतो. आकाशनिरीक्षणाच्या एका रात्री आम्ही पंधरा जण माळरानावर होतो. पहाटे अडीचच्या सुमारास दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर दव साचू लागले. पुसले की पाच मिनिटांत पुन्हा भिंग आंधळे. कंटाळून आम्ही थर्मासमधला चहा काढला आणि गप्पा भलतीकडे गेल्या. आमच्यातील एका द्राक्षबागायतदाराने डावणीचा, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाचा, विषय काढला. दवाने ओली झालेली पाने उन्हं चढेपर्यंत वाळली नाहीत की डावणी आलीच म्हणून समजा, असे तो सांगत होता. मग बोलता बोलता म्हणाला, “पण बांधावरच्या आंब्याखाली ज्या वेली आहेत ना, त्यांची पानं सकाळी कोरडी असतात.” भौतिकशास्त्र शिकवणारे एक गुरुजी हातातला पेला तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिले. निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे तोंड असलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव धरते. आंब्याच्या छत्रीखालच्या पानांना आकाश दिसत नाही, म्हणून ती तेवढी थंड होत नाहीत. आमच्या भिंगाला मात्र उघडे आकाश दिसत होते. कुणीतरी जाड पुठ्ठ्याची गुंडाळी करून दुर्बिणीच्या तोंडाशी हातभर लांब नळकांडे बसवले, दोऱ्याने आवळले, आणि उजाडेपर्यंत भिंग स्वच्छ राहिले. जाणकार मंडळी असे आवरण वापरतात हे आम्हाला पुढे कळले. पण त्या रात्री आम्हाला ते द्राक्षबागेने शिकवले. ‘विषय सोडून बोलू नये’ हे कलम असते तर तो बागायतदार गप्प बसला असता.

आता ज्येष्ठ सभासदांच्या तक्रारीतला खरा भाग. व्याख्यानाचा तास हा व्याख्यानाचाच असला पाहिजे. वक्ता बोलत असताना मागच्या रांगेत बेदाण्याचे भाव निघत असतील तर ते कार्यवाहांनी तिथल्या तिथे थांबवावे. गैरहजर माणसाविषयी बोलणे आणि पक्षीय राजकारणावरचा वाद या दोन गोष्टी चहाच्या वेळीही नकोत, कारण त्यांनी माणसे यायची बंद होतात. आणि चहाच्या टेबलावर दोरीला पेन बांधलेली एक वही ठेवा. गप्पांतून निघालेला प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या हाताने तारखेसह तीत लिहावा आणि पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटे ती वही वाचावी. हंस लावण्याची गरज नाही, एक पेटी द्राक्षे पुरेत. हे काम त्या ज्येष्ठ सभासदांकडेच सोपवावे असे मला मनापासून वाटते, कारण वेळेची किंमत ज्याला कळते तोच माणूस वही नीट ठेवतो.

प्रश्न : चहात दूध आधी घातले की नंतर, हे एका बाईंनी चवीवरून ओळखले आणि त्यातून संख्याशास्त्राचा जन्म झाला, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले. हे खरे आहे का? (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : प्रसंग खरा आहे, जन्माची गोष्ट मात्र वाढवून सांगितलेली आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, दुपारच्या चहाच्या वेळी, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी म्युरियल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंपुढे पेला धरला. त्यांनी तो नाकारला, कारण त्यांना आधी दूध ओतलेला चहा आवडत असे. काय फरक पडतो, असे फिशर म्हणाले. पडतो, असे बाई म्हणाल्या. आणि शेजारी असलेल्या विल्यम रोच यांनी परीक्षाच घ्या असे सुचवले. ब्रिस्टल आणि रोच यांचा पुढे विवाह झाला.

फिशर यांनी १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या पुस्तकात बाईंचे नाव न घेता हाच प्रयोग मांडला. आठ पेले, त्यांतील चार दूध आधी घातलेले आणि चार नंतर; क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा यादृच्छिक. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १ एवढीच. आता चारांपैकी तीनच बरोबर आले तर? तसे होण्याचे १६ प्रकार आहेत. म्हणजे तीन किंवा चार बरोबर येण्याची शक्यता ७० त १७, जवळजवळ चारात एक. तेवढ्यावर कुणाची जीभ पारखी आहे असे म्हणता येणार नाही. पुस्तकात निकाल दिलेला नाही. बाईंनी सगळे पेले अचूक ओळखले, असे मात्र पुढे सांगितले गेले. आज कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कोणत्या वाफ्यात कोणते वाण लावायचे ते यादृच्छिक पद्धतीने ठरवतात, त्यामागे फिशर यांचाच विचार आहे.

आपल्याकडे दूध, पाणी, साखर एकत्र उकळण्याची रीत असल्यामुळे हा प्रयोग जसाच्या तसा होणार नाही. आले सुरुवातीला घातले की उतरवताना, हे घरातील कुणाला ओळखता येते का, ते मात्र पाहा. पेल्यांना खालून क्रमांक लावा, क्रम दुसऱ्याच कुणाकडून ठरवून घ्या, आणि चहा देणाऱ्यालाही तो कळू देऊ नका.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या हौशी विज्ञान गटात सगळे मोकळेपणाने बोलतात, बहुधा इंग्रजीत; परदेश प्रवास, नवे कॅमेरे, परिषदा असे विषय असतात. माझ्या घरी मासेमारीचा धंदा आहे. मला बोलण्यासारखे काहीच सुचत नाही आणि मी गप्प बसून परत येते. मी तेथे जाणे सोडावे का? (वाचक, गोवा)

उत्तर : सोडू नका. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहिली आहे, की काही रात्री वडील जाळे ओढतात तेव्हा पाणी निळसर उजळते आणि लहानपणी तुम्ही ते पाहायला जागत होता. तो उजेड नॉक्टिलुकासारख्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असू शकतो. पाणी ढवळले गेले की ते जीव प्रकाश टाकतात. अरबी समुद्रात हिवाळ्याच्या सुमारास त्यांची प्रचंड वाढ होते आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. कोणत्या महिन्यात, भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, आणि अशा रात्री मासळी कमी मिळते का, हे तुमचे वडील सांगू शकतील. कॅमेऱ्यांविषयी बोलणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचा संभव कमी आहे. पुढच्या बैठकीला जाण्यापूर्वी त्यांना हे तिन्ही प्रश्न विचारा, आणि गटात मराठीत किंवा कोकणीत, जशी तोंडात येईल तशी, ती गोष्ट सांगा.

हे पत्र तुमच्या गटातील वडीलधाऱ्यांच्याही वाचनात येईल अशी आशा आहे. माँटगोमेरीच्या संकोचाचा प्रसंग वर आला आहे. त्या दुपारी तो आपणहून डायसन यांच्याकडे गेला नसता. चौला त्याला घेऊन गेले. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीपाशी चहाचा पेला घेऊन जाणे आणि तिच्या घरी काय चालते ते विचारणे हे काम त्या गटात कुणी करत आहे का, ते त्यांनी पुढच्या बैठकीत पाहावे.