चाचणीला जाण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना सतत येणाऱ्या अडचणीची, चाचणी करून घ्यावी की नाही, असे तू विचारले आहेस आणि एकदा शिक्का बसला की तो पुसला जात नाही, ही भीतीही मोकळेपणाने लिहिली आहेस. माझे मत स्पष्ट आहे : चाचणी करून घे. ‘हुशार आहे, पण कष्ट घेत नाही’ हा शेरा तू वर्षानुवर्षे ऐकत आली आहेस. तोही शिक्काच होता आणि तो मारणाऱ्यांपैकी कोणीही तुझी अडचण कधी तपासली नव्हती.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे म्हणणे होते. त्या शिक्षकांना जे नुसते जाणवले, ते आज मोजता येते.

अहवालात एकूण बुद्ध्यंकापेक्षा चाचणीच्या वेगवेगळ्या भागांतल्या गुणांमधली तफावत पाहा. उदाहरणार्थ, तिघे विद्यार्थी वाचनात सारखेच मागे पडलेले असतात. परंतु एकाला शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडता येत नाहीत, दुसरा अचूक पण फार संथ वाचतो, तर तिसरा धडाधड वाचतो आणि अर्थ मात्र हातातून निसटतो. पहिल्याला ध्वनी आणि अक्षरे यांची पायरीपायरीने शिकवणी लागते, दुसऱ्याला सराव आणि जादा वेळ, तिसऱ्याला शब्दसंपत्ती व आकलनावरचे काम. तिघांनाही ‘आणखी वाच’ एवढेच सांगत राहणे मला अन्यायाचे वाटते.

परीक्षेतल्या सवलतींसाठी अहवाल उपयोगी पडतो, हे खरे. पण सवलत म्हणजे उपचार नव्हे, म्हणून शिफारशींचे पान शिक्षकांबरोबर बसून वाच. कदाचित अध्ययन अक्षमता नाहीच, मूळ अडचण दृष्टीची, श्रवणाची, अवधानाची किंवा चिंतेची आहे, असेही निघेल. तेही कळायलाच हवे.

आदल्या रात्री पुरेशी झोप घे, चष्मा असल्यास विसरू नकोस आणि जुन्या वह्या, खाडाखोडीच्यासुद्धा, सोबत ने. त्या चुकांमधून तपासणाऱ्याला पुष्कळ काही कळते. वेळ लावून घेतलेल्या भागात काही राहून गेले, तर घाबरू नकोस. अहवाल हाती आला की मला कळव. आपण तो ओळीने वाचू.

तुझा,
सर