तुझं काम कोण बघणार?

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. म्युझिक थेरपीचे, म्हणजे संगीतातून उपचार करायला शिकवणारे चार कोर्स, चारही ठिकाणची फी, हॉस्टेल, व्हिसा, 'स्कोप', सगळं तक्ता करून पाठवलंस. बारावी सायन्सचा शोभतोस. पण त्या अख्ख्या तक्त्यात एक रकाना नाही आणि मला नेमका तोच आधी बघायचा होता. शिकत असताना तू पेशंटबरोबर बसशील, तेव्हा तुझं काम कोण बघणार?

हे सगळं पत्र त्या एकाच रकान्यावर आहे, तेव्हा कंटाळा येणार असेल तर आत्ताच चहा टाकून घे. तुझे बाबा 'काकूंना विचार' म्हणाले, कारण त्यांना वाटलं काकू म्हणतील, छान आहे, कर. किंवा म्हणतील, हा कसला कोर्स, सायकॉलॉजी घे. मी दोन्ही म्हणत नाही.

गाणं ऐकून बरं वाटतं, हे रावपुऱ्यातल्या रिक्षावाल्यालाही कळतं. त्याला डिग्री लागत नाही. डिग्री लागते ती पुढच्या कामाला. पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणारा माणूस घे. त्याला आधी थोडं अंतर चालवायचं आणि मिनिटाला पावलं किती पडतात ते मोजायचं. पन्नास पडली तर ठेकाही पन्नासचाच. आपण त्याच्या चालीवर जायचं, त्याला आपल्या लयीवर ओढायचं नाही. पाय ठेक्यात बसले की पाच-दहा टक्क्यांनी लय वाढवायची. तीही बसली की ठेका हळूहळू काढून घ्यायचा आणि चाल टिकते का ते बघायचं. ऱ्हिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन म्हणतात याला, मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर भरपूर काम केलंय. हे वाचून तू म्हणणार, काकू, तबल्यावर केरवा मी झोपेतही वाजवतो. वाजवशील रे. लयही हलणार नाही तुझी. पण समोरच्या बाई धापा टाकतायत, डावा पाय ओढतायत, फिजिओथेरपिस्ट डोळ्यांनी थांब म्हणून खुणावतोय, आणि तुझे डोळे मिटलेले, कारण लग्गी छान लागलीये. कल्पनेने नाही लिहीत. तुझ्यासारख्याच तयारीच्या मुलांच्या मागे उभं राहून मी हे पाहिलंय. मागे कुणी नसतं तर त्यांना कळलं असतं कसं? पेशंट सांगत नाही. घरचे तर पायाच पडायला येतात, त्यांना आपलं माणूस चार पावलं चाललं यातच सगळं आलं.

माझ्या मागे कुणी नव्हतं. विशेष मुलांच्या शाळेत मी संगीत शिकवायला म्हणून लागले. गाण्याची पदवी होती, पेटी येत होती, बाकीचं मुलांनीच शिकवलं. एक मुलगा बोलत नसे. बालगीताच्या ओळीचा शेवटचा शब्द आला की मी पेटीवरची बोटं उचलायची आणि थांबायची. किती थांबायचं? कमी थांबलं तर त्याला संधी मिळत नाही, जास्त थांबलं तर तो खिडकीकडे जातो. एक दिवस त्याने ओठांचा चंबू केला. तो त्या शब्दातला 'प' होता, की लाळ सावरत होता? वर्गाच्या बाई म्हणाल्या, बोलला. त्याची आई तर रडायलाच लागली. मला कधी वाटे बोलला, कधी वाटे नाही. चार जाणत्यांनी व्हिडिओ पुढे-मागे करून ठरवायची ही गोष्ट, आणि मी ती रात्री भांडी घासताना एकटीच ठरवायची. तो 'प' होता की नाही, ते मला आजही माहीत नाही.

तू म्हणशील, मग कुठे जाऊन शिकला का नाहीत? बडोद्यात तेव्हा या विषयाचं कुणी नव्हतं. मुंबईत एक परदेशी प्रशिक्षिका आल्या होत्या, त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी नाव द्या म्हणून सुचवलं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, धाकटा चौथीत. मी नाही म्हटलं. जायला हवं होतं, असं अजून लोक ऐकवतात. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही तेव्हा सासूबाईंचं एक भांडं उचललं नव्हतं. हळहळ आहे, ती माझ्यापाशी. पण त्यामुळेच मी हट्टाने स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेतलं नाही, पाटीवर लिहिलं नाही, कुणी लिहिलं तर पुसायला लावलं. लोकांना तो तोरा वाटला. वाटू दे.

आता तुझ्या तक्त्याकडे. तो सहा रविवारांचा ऑनलाइन 'सर्टिफाइड राग थेरपिस्ट' आधी खोड. पेशंटच नाही तिथे, काम बघणारा कुठून येणार? अमुक आजारावर तमुक राग हे कोष्टक मला चांगलं परिचयाचं आहे. एका संस्थेने ते माझ्याकडून लिहवून घ्यायचं ठरवलं होतं. रक्तदाबाला हा, निद्रानाशाला तो, पोटाला आणखी कुठला, रंगीत छापून दर्शनी भिंतीवर लावायचं. मी म्हटलं, तो राग कुणी गायलाय, पेशंटने आयुष्यभर काय ऐकलंय, त्याला ऐकू किती येतं, यातलं काही न बघता कोष्टक कसं लिहू? पुढच्या महिन्यापासून माझे तास बंद. अजून विचारलं तरी मी तेच उत्तर देईन.

आणि ओंकारनाथ ठाकुरांनी पुरिया गाऊन मुसोलिनीला झोपवलं, ती गोष्ट मला सांगू नकोस. मैफलीआधी सांगायला झकास आहे. खरी धरली तरी एका माणसाला एका रात्री झोप लागली, एवढंच त्यातून कळतं. तू इनायत खानांचंही नाव घेतलंस. घे ना, आपलेच आहेत. १८८२ साली बडोद्यात जन्मले, गवई मौलाबक्षांचे नातू. त्याच मौलाबक्षांच्या हाती सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा दिली, तेच आजचं आपलं सूरसागरचं म्युझिक कॉलेज. पण इनायत खान सुरांबद्दल बोलले ते सूफी म्हणून, साधनेच्या अंगाने. वॉर्डात उभं राहून त्यांची वाक्यं म्हणू नकोस, डॉक्टर तुला दारातूनच परत पाठवतील आणि त्यांचं चुकणार नाही.

अमेरिकेची बॅचलर्स. याची पदवी द्यायला त्यांनीच सुरुवात केली, मिशिगन स्टेट विद्यापीठात, १९४४ साली. महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी इस्पितळांत वादक जायचे, त्यांना नीट शिकवायला हवं हे लक्षात आलं तेव्हाची गोष्ट. तिथे आज थेरपिस्ट व्हायचं तर इंटर्नशिप धरून १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं, मग थेरपिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाची परीक्षा. तुझ्या तक्त्यात हा आकडा नव्हता. जिमची वेळ मात्र होती! हे १२०० तास कुणाच्या तरी नजरेखाली होतात, म्हणून मला त्यांचं मोल. त्यासाठी बाबांनी वाघोडिया रोडचा फ्लॅट विकावा का, ते तुम्ही बापलेक ठरवा. माझं मत विचारशील तर आत्ता नको. तू सतरा वर्षांचा आहेस आणि एका डायपर घातलेल्या मोठ्या माणसाच्या शेजारी तासभर बसायला तुला जमतं का, हेच अजून तुला माहीत नाही. ते इथे फुकट कळेल.

ब्रिटनमध्ये हा कोर्स मास्टर्सचा असतो, म्हणजे घाई नाही. तिथे सरकारी नोंदणी असल्याशिवाय म्युझिक थेरपिस्ट असं स्वतःला म्हणवून घेताच येत नाही. शिकणाऱ्याला स्वतःलाही थेरपी घ्यावी लागते. तुझे बाबा म्हणतील, आमच्या मुलाला काय झालंय? त्यांना सांग, काही झालेलं नाही, पण दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसताना आपलं कुठलं दुखतं ते आधी माहीत असावं लागतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, स्पीच थेरपिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्युझिक थेरपिस्टची पाटी उद्या कुणीही लावावी. म्हणून तर मी डोकं खातेय. तुझ्यावर कायदा नजर ठेवणार नसेल तर माणसाने ठेवायला हवी.

पुद्दुचेरीचं श्री बालाजी विद्यापीठ तू तिसऱ्या नंबरवर टाकलंस, का ते कळलं नाही. लांब म्हणून? तिथलं म्युझिक थेरपीचं केंद्र मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, पेशंट आवारातच. मात्र तू लिहिलेला कोर्स पदवीनंतरचा आहे, तेव्हा आत्ताच्या तक्त्यात तो बसतच नाही.

राहिलं आपलं म्युझिक कॉलेज. तबल्यात पदवी घे, असं मी म्हणेन. ही थेरपीची पदवी नाही, मला ठाऊक आहे. पण परदेशातल्या बहुतेक मास्टर्सना आधी संगीताचा पक्का पाया लागतो, आणि सायकॉलॉजीचे विषय बाजूने करता येतात. विशारदच्या जोरावर निभेल या भ्रमात राहू नकोस. नुसत्या तबल्यावर बाहेरची ऑडिशन निघत नाही. गळा लागतो, स्वरसाथ करता येईल असं वाद्य लागतं, गिटार किंवा पियानो. गाताना तू नेहमी मागच्या रांगेत जाऊन बसतोस, ते आता बंद. फार चांगलं गाता आलं नाही तरी चालेल, पण एका सुरात आणि न लाजता गाता आलं पाहिजे.

का, ते ऐक. डाव्या मेंदूला मार बसून वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण गाता येतं. त्याचा आधार घेऊन १९७३ च्या सुमारास बोस्टनमध्ये मेलडिक इंटोनेशन थेरपी निघाली. रोजच्या गरजेची छोटी वाक्यं दोनच स्वरांत, उंच आणि खालचा, गायल्यासारखी म्हणायची, आणि दर अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायची. ते चढ-उतार इंग्रजी बोलीवर बेतलेले. आपल्या वॉर्डातले काका गुजराती. 'चा पीवी छे' हे ते जसं म्हणायचे तसा चढ-उतार तुझ्या कानात हवा, तो मराठी घरात बसून येत नाही. तेव्हा नवरात्रात नुसतं मिरवू नकोस, बायका गरबा गाताना कुठे श्वास घेतात ते ऐक. आणि आठवड्यातून एकदा त्या काकांच्या स्पीच थेरपिस्टने शेजारी बसून तुला सांगायला हवं की तू खालचा स्वर फार खाली नेतोयस, त्यांचा गळा तिथवर पोचत नाही. परत तेच आलं ना? येणारच.

पदवी घेत असताना विशेष शाळेत जात जा. वाजवायला नाही. पहिले काही महिने बुटांच्या नाड्या बांधायच्या, डबे उघडून द्यायचे, मुलं कशाने दचकतात ते बघायचं. संध्याकाळी वहीत लिहायचं आणि ती वही कुणाला तरी दाखवायची. मला दाखव. मी थेरपिस्ट नाही, पण 'मुलाने छान प्रतिसाद दिला' असं लिहिलंस तर लाल पेनने विचारीन, म्हणजे नक्की काय केलं त्याने?

आणि पुढे मास्टर्स निवडायची वेळ येईल तेव्हा रँकिंग बघत बसू नकोस. कोऑर्डिनेटरला सरळ मेल टाक. पेशंटबरोबरचे तास किती आणि कुठल्या प्रकारच्या ठिकाणी. माझी सत्रं कोण बघणार, ती व्यक्ती स्वतः म्युझिक थेरपिस्ट आहे का, आणि अजून पेशंट बघते का. सत्राचं रेकॉर्डिंग मला समोर बसवून तपासणार का. तिला एका वेळी किती विद्यार्थी बघावे लागतात, हेही विचार, लाजू नकोस. फी तुझे बाबा भरतायत.

पुढच्यासाठी थांबूही नकोस. हेच मेल आत्ता, सराव म्हणून, अमेरिकेच्या त्या कॉलेजला आणि पुद्दुचेरीला टाक. उत्तरं आली की मला जशीच्या तशी पुढे पाठव, गोड भाषेतलं गोल उत्तर आलं तर तेही. त्या सहा रविवारवाल्यांनाही टाक, मला जरा मजा बघायची आहे.

तुझी,
काकू

ता.क. आईला सांग, तुझ्या धाकट्या मामाची गिटार माळ्यावर आहे, मी पाहिली आहे. तारा नव्या घालाव्या लागतील.